छातीत दुखतंय: ईसीजीच्या आधीचं निदान

छातीत दुखायला लागलं की आपल्याकडे पहिला संशय 'गॅस'वर जातो. ओवा चावायचा, सोडा प्यायचा, पाठ चोळून घ्यायची आणि ढेकर आली की निश्चिंत व्हायचं. पण हृदयाच्या दुखण्यातही मळमळतं, ढेकर येतात, पोटाच्या वरच्या भागात भरून आल्यासारखं वाटतं. शिवाय अंजायनाची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याने येणारी, कळ बसून राहिलं तर पाचेक मिनिटांत आपोआप ओसरते. त्या पाच मिनिटांत जे घेतलं असेल त्यानेच बरं वाटलं, अशी समजूत होते आणि निदान काही महिने पुढे जातं.

ही कळ का येते आणि का थांबते, हे समजलं की ती ओळखणं बरंच सोपं होतं. शरीरातले बहुतेक स्नायू रक्तातला थोडासाच ऑक्सिजन वापरतात, बाकीचा राखीव राहतो. हृदयाचा स्नायू मात्र आपण स्वस्थ बसलेलो असतानाही आलेल्या रक्तातला 70 ते 80 टक्के ऑक्सिजन काढून घेतो. त्यामुळे जास्त काम पडलं तर त्याच्याकडे एकच उपाय उरतो: जास्त रक्त मागवणं. निरोगी कोरोनरी धमन्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या, हा प्रवाह चार-पाच पटींनी वाढवू शकतात. धमनीचा व्यास 70 टक्क्यांच्या आसपास अरुंद झाला की बसल्या जागी पुरेसं रक्त मिळतं, पण जिना चढताना मिळत नाही. थांबलं की मागणी उतरते आणि कळही उतरते. स्थिर अंजायनाचं, म्हणजे ठरावीक श्रमाने येऊन विश्रांतीने जाणाऱ्या कळीचं, सारं रूप या हिशोबातून येतं.

लंडनचे डॉक्टर विल्यम हेबरडन यांनी 1768 मध्ये या दुखण्याचं वर्णन वाचून दाखवलं, ते 1772 मध्ये छापलं गेलं. चालताना, त्यातही चढावर आणि जेवणानंतर लगेच चालताना येणारी आणि उभं राहताच जाणारी छातीतली कोंडी त्यांनी नेमकी टिपली होती. कोरोनरी धमन्यांशी तिचा संबंध त्यांना माहीत नव्हता, ईसीजी तर शंभरहून अधिक वर्षं दूर होता. केवळ रुग्णाचं नीट ऐकून केलेलं ते वर्णन आजही चालतं.

डॉक्टर आजही तेच तीन प्रश्न आधी विचारतात. छातीच्या मधोमध, मानेत, जबड्यात, खांद्यात किंवा हातात दाबल्यासारखं, आवळल्यासारखं होतं का? श्रमाने किंवा मानसिक ताणाने येतं का? थांबल्यावर किंवा जिभेखालच्या गोळीने (सॉर्बिट्रेट) पाच मिनिटांच्या आत जातं का? तिन्हींना 'हो' असेल तर ते नमुनेदार अंजायना. दोनच जुळले तर संशय कायम ठेवून तपासण्या करायच्या. एकच जुळला किंवा एकही नाही, तर दुसरं कारण आधी शोधायचं. मात्र वय, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि घरात कमी वयात झालेले हृदयविकार बघूनच.

दवाखान्यात रुग्ण बरेचदा 'दुखतंय का' या प्रश्नाला 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या मते ते दुखणं नसतं. दडपण येतं, छाती भरून येते, जड होतं, कोंडल्यासारखं वाटतं, असं ते सांगतात. 'दुखतं का' ऐवजी 'छातीत काय होतं' असं विचारलं तर खरं उत्तर मिळतं. हाताची खूणही महत्त्वाची. अंजायनाचा रुग्ण बहुधा पूर्ण तळवा किंवा मूठ छातीच्या मधोमध ठेवतो. एका बोटाने 'इथे, बरोबर इथे' असं दाखवलं तर हृदयाची शक्यता कमी होते. हृदयाकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूच्या ज्या भागात पोचतात, तिथेच छातीच्या भिंतीच्या आणि हाताच्या आतल्या बाजूच्या संवेदनाही येतात. मेंदूला नेमकी जागा ठरवता येत नाही, म्हणून दुखणं पसरट वाटतं आणि करंगळीच्या बाजूने हातात उतरतं. ते डाव्याच हातात उतरायला हवं असं नाही. उजव्या हातात किंवा दोन्ही हातांत गेलं तर ते अधिकच गांभीर्याने घ्यायचं.

वेळही मोजावी. क्षणभर चमक मारून गेली तर ते अंजायना नसतं. दिवसभर सलग दुखतंय, तरी ईसीजी आणि रक्ततपासणी वारंवार नॉर्मल येते, तर तेही नसतं. अंजायना साधारण दोन ते दहा मिनिटं टिकतो.

काही गोष्टी हमखास फसवतात. सकाळी फिरायला निघाल्यावर पहिल्याच चढाला छाती आवळते, थोडं थांबून पुढे गेलं की तोच माणूस तासभर आरामात चालतो. 'हृदयाचं असतं तर नंतर चालता आलं असतं का?' हा त्याचा प्रश्न रास्त वाटतो, पण हे अंजायनाचंच एक परिचित रूप आहे. थंड वारा, भरपेट जेवण, हात खांद्याच्या वर नेऊन करायची कामं, म्हणजे कपडे वाळत घालणं किंवा माळ्यावरचं सामान काढणं, यांनी तीच कळ कमी श्रमात येते. मधुमेही, वृद्ध आणि बऱ्याच स्त्रियांमध्ये छातीतलं दुखणं अस्पष्ट असतं. नेहमीच्या कामाने लागणारा नवा दम, घाम आणि न पेलणारा थकवा पुढे येतो. एरवी एका दमात चढता येणारा जिना अर्ध्यावर थांबून चढावा लागतोय, हे वयाच्या खात्यात टाकण्याआधी डॉक्टरांना सांगायला हवं.

आता इतर कारणं. आम्लपित्ताची जळजळ आडवं झाल्यावर, वाकल्यावर, तिखट-तेलकट खाल्ल्यावर वाढते, घशाशी आंबट येतं आणि चालण्याशी तिचा फारसा संबंध नसतो. अन्ननलिकेची उबळ मात्र हुबेहूब अंजायनासारखी असते आणि जिभेखालच्या गोळीने तीही उतरते, कारण ते औषध अन्ननलिकेचा स्नायूही सैल करतं. म्हणून 'सॉर्बिट्रेटने बरं वाटलं, म्हणजे हृदयच' हे जितकं चूक, तितकंच 'अँटासिडने बरं वाटलं, म्हणजे पोटच' हेही चूक. बरगड्यांच्या कूर्चेची सूज बोटाने दाबल्यावर दुखते आणि कूस बदलताना कळते. तरी हृदयविकाराच्या काही रुग्णांतही छाती दाबल्यावर दुखते, तेवढ्यावरून कोणाला घरी पाठवू नये. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर दोन-चार दिवस वाट पाहिल्यावर नागिणीचे फोड दिसू शकतात. श्वास घेताना टोचणारं दुखणं फुप्फुसाच्या आवरणाचं असतं: न्यूमोनिया, क्षयामुळे साचलेलं पाणी. हृदयाच्या आवरणाची सूज आडवं झाल्यावर वाढते, पुढे वाकून बसलं की कमी होते. रक्तातलं हिमोग्लोबिन फार कमी असणं, थायरॉइडचा अतिरेक किंवा महाधमनीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीची) झडप अरुंद होणं यांमुळे धमन्या ठीक असूनही अंजायना होऊ शकतो, म्हणून डॉक्टर स्टेथोस्कोपने छाती नीट ऐकतात आणि साध्या रक्ततपासण्याही सांगतात.

थांबून चालणार नाही अशी तीन दुखणी वेगळी ओळखायला हवीत. महाधमनीचा पापुद्रा फाटला तर दुखणं पहिल्याच क्षणी सर्वाधिक असतं, पाठीत खांद्यांच्या मध्ये फाडल्यासारखं जातं आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबात 20 अंकांहून जास्त फरक पडू शकतो. फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकली तर एकदम दम लागतो. अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, लांबचा प्रवास किंवा एका पोटरीची सूज हा धागा मिळतो. उंच, सडपातळ तरुणाला एका बाजूला अचानक कळ येऊन दम लागला तर फुप्फुसाबाहेर हवा साचल्याची शंका घ्यावी.

आणि हृदयविकाराचा झटका. विश्रांतीतही आलेली, 15 ते 20 मिनिटं टिकलेली, घाम-ओकारीसह आलेली कळ म्हणजे झटका समजूनच वागायचं. जुन्या रुग्णाची कळ कमी श्रमात, जास्त वेळा किंवा रात्री झोपेत येऊ लागली, तरी तो अस्थिर अंजायना. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. कळ आली की जागच्या जागी बसावं. डॉक्टरांनी आधीच सॉर्बिट्रेट दिलं असेल तर 5 मिलिग्रॅमची एक गोळी बसूनच जिभेखाली ठेवावी. उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून माणूस कोसळू शकतो. गेल्या 24 तासांत सिल्डेनाफिल किंवा 48 तासांत टाडालाफिल (व्हायग्राच्या वर्गातली औषधं) घेतलं असेल तर ती अजिबात घेऊ नये. पाच मिनिटांत कळ गेली नाही तर 108 ला फोन करावा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, रक्तस्राव करणारा अल्सर किंवा वर सांगितलेल्या फाटल्यासारख्या दुखण्याची शंका नसेल, तर अ‍ॅस्पिरिनची 300 किंवा 325 मिलिग्रॅमची गोळी चावून घ्यावी. गिळली तर परिणामाला उशीर होतो. स्वतः गाडी चालवू नये, रुग्णाला जिना उतरायला लावू नये. खुर्चीत बसवून उतरवावं.

रुग्णालयात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. इथे सर्वांत मोठा गैरसमज येतो. स्थिर अंजायनाच्या जवळपास निम्म्या रुग्णांचा विश्रांतीतला ईसीजी पूर्ण नॉर्मल असतो, कारण तो काढताना स्नायूला रक्त कमी पडत नसतं. झटका आलेला असतानाही पहिला आलेख साधा दिसू शकतो, म्हणून कळ चालू असेल तर 15 ते 30 मिनिटांनी तो पुन्हा काढतात. हृदयाच्या मागच्या भिंतीची शंका असेल तर पाठीवरही ईसीजीच्या चकत्या लावतात. ट्रोपोनिन हे प्रथिन स्नायूच्या पेशी मेल्यावर रक्तात येतं. ते चढायला काही तास लागतात, त्यामुळे नव्या अतिसंवेदनशील चाचणीतही बहुधा एक ते तीन तासांनी दुसरा नमुना घेऊन फरक पाहतात. एकच नमुना घेऊन, कळ सुरू झाल्याची वेळ न विचारता दिलेला 'नॉर्मल'चा निर्वाळा भरवशाचा नाही. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर मात्र ट्रोपोनिन एरवीही चढलेलं असतं.

स्थिर दुखण्यासाठी आपल्याकडे सर्रास टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवत ईसीजी काढण्याची चाचणी, करतात. नेहमीच्या पद्धतीत पट्टा दर तीन मिनिटांनी वेगवान आणि चढा होतो. पहिल्या टप्प्याला ताशी सुमारे 2.7 किलोमीटर आणि 10 टक्के चढ. 220 मधून वय वजा करून येणाऱ्या ठोक्यांच्या 85 टक्क्यांपर्यंत नाडी पोचली नाही, तर 'निगेटिव्ह' अहवालाला फारसा अर्थ उरत नाही. नाडी मंदावणारी बीटा-ब्लॉकर गोळी घेऊन चाचणी दिली की हेच होतं. गोळी थांबवायची की नाही हे आधी डॉक्टरांना विचारावं, मनाने थांबवू नये. ईसीजीत डावा बंडल ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या डाव्या विद्युतमार्गातला अडथळा, असेल तर टीएमटीचा आलेख वाचता येत नाही. स्त्रियांत खोटा पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त. अशा वेळी स्ट्रेस एको (ताण देऊन केलेली हृदयाची सोनोग्राफी), थॅलियम स्कॅन (स्नायूच्या रक्तपुरवठ्याचं चित्र) किंवा सीटी अँजिओग्राफी (धमन्यांचं सीटी चित्र) योग्य ठरते. सीटीत धमन्या स्वच्छ दिसल्या तर अडथळ्याची शक्यता जवळपास संपते. त्यासाठी नाडी 60 च्या आसपास उतरवतात, श्वास रोखून धरायला सांगतात आणि डाय द्यायचा असल्याने मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आधी तपासतात. धमनीत चुना खूप साचलेला असेल तर सीटी अडथळा आहे त्यापेक्षा मोठा दाखवतो.

हे सगळं झाल्यावर अँजिओग्राफीत मोठा अडथळा सापडतच नाही, असेही रुग्ण बरेच असतात, विशेषतः स्त्रिया. 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' एवढ्यावर त्यांची फाइल बंद करणं चूक आहे. चित्रात न दिसणाऱ्या बारीक वाहिन्या नीट रुंदावत नसतील तरी अंजायना होतो, आणि धमनीला उबळ आली तरीही. उबळीचा प्रकार अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ प्रिन्झमेटल यांनी 1959 मध्ये वर्णिला: श्रमाशी संबंध नाही, कळ मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे, शक्यतो ठरावीक वेळी. तो पकडायचा तर कळ येत असतानाचा ईसीजी किंवा 24 तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठेवलेला ईसीजी, लागतो. डिल्टियाझेम किंवा अ‍ॅम्लोडिपिनसारख्या औषधांनी तो आवरतो, प्रोप्रॅनोलॉल या बीटा-ब्लॉकरने उलट वाढू शकतो आणि विडी-सिगारेट हे त्याचं सर्वांत ठळक निमित्त आहे. म्हणून कळ केव्हा आली, काय करत असताना आली, किती मिनिटं टिकली आणि कशाने गेली, या चार नोंदी आठवडाभर वहीत लिहून अँजिओग्राफीच्या अहवालासोबत डॉक्टरांना दाखवाव्यात.