वेदना आणि अवधान : व्याख्येबाहेर राहिलेल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

जुनाट दुखण्याने बेजार झालेला माणूस डॉक्टरांकडे बहुधा दोन तक्रारी घेऊन जातो. कुठे दुखते आणि किती दुखते, ही पहिली तक्रार विचारली जाते व केसपेपरवर उतरते. दुसरी तक्रार माणूस निघता निघता, काहीसा ओशाळून सांगतो. वाचलेले डोक्यात शिरत नाही, बोलताना नेमका शब्द सापडत नाही, उभी बेरीज करताना हातचा विसरतो. या हातच्याची नोंद अजूनही क्वचितच होते, आणि त्याची कारणे वेदनेच्या शास्त्राने गेल्या साठ वर्षांत केलेल्या शब्दनिवडीत शोधावी लागतात.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. सतराव्या शतकात युरोपात मांडली गेलेली कल्पना अशी होती की, दोरी ओढली की वरची घंटा वाजावी तशी इजा झाली की मेंदूत वेदना उमटते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या एका अमेरिकी भूलतज्ज्ञाच्या निरीक्षणांनी या कल्पनेला मोठा धक्का दिला. १९५६ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या तुलनेत वेदनाशामक हवे असे म्हणणारे सैनिक ३२ टक्के होते, तर शस्त्रक्रिया झालेल्या नागरी रुग्णांत हेच प्रमाण ८३ टक्के होते. जखम किती मोठी आहे एवढ्यावरून वेदना ठरत नाही, त्या क्षणी मन त्या जखमेचा काय अर्थ लावते यावरही ती ठरते, असे त्यातून दिसले. १९६५ साली एका कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने आणि एका ब्रिटिश चेताशास्त्रज्ञाने मांडलेल्या ‘द्वारनियंत्रण’ सिद्धान्ताने या निरीक्षणाला मज्जारज्जूत जागा मिळवून दिली. वर जाणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूपाशीच अडवता किंवा सोडता येतात, आणि त्यावर मेंदूतून खाली येणाऱ्या आज्ञांचाही अंमल चालतो, असे त्याचे म्हणणे होते.

वेदनेच्या व्याख्येवरून पुढे झालेल्या वादाचे मूळ १९६८ मध्ये आहे. त्या वर्षी याच परंपरेतील एका लेखाने वेदनेची तीन अंगे सांगितली : संवेदनात्मक, भावनिक-प्रेरणात्मक आणि बोधनिक-मूल्यमापनात्मक (बोधनिक म्हणजे विचार, लक्ष, स्मृती यांच्याशी संबंधित). १९७५ मध्ये आलेल्या, ७८ विशेषणांच्या प्रसिद्ध प्रश्नावलीतही या तिसऱ्या अंगासाठी वेगळा गट होता. मात्र १९७९ साली वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची अधिकृत व्याख्या स्वीकारली, तेव्हा वेदना हा ‘संवेदनात्मक व भावनिक’ अनुभव ठरला. बोधनिक अंग त्या वाक्यात नव्हते. पुढची चार दशके याच व्याख्येवर वैद्यकाच्या पिढ्या घडल्या.

२०१६ मध्ये व्याख्येत ‘बोधनिक’ आणि ‘सामाजिक’ हे दोन्ही घटक घ्यावेत, असा लेखी प्रस्ताव पुढे आला. त्यानंतर चौदा जणांचा कार्यगट बसला, २०१९ मध्ये मसुद्यावर जगभरातून मते मागवली गेली आणि जुलै २०२० मध्ये सुधारित व्याख्या प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार वेदना म्हणजे प्रत्यक्ष वा संभाव्य ऊतिहानीशी निगडित असलेला, किंवा तशा अनुभवासारखा भासणारा, अप्रिय संवेदनात्मक व भावनिक अनुभव होय. तान्ही मुले आणि बोलू न शकणारे रुग्ण यांची वेदना नाकारली जाऊ नये यासाठी ‘तशा अनुभवासारखा भासणारा’ हे शब्द घालून केलेला बदल निःसंशय मोलाचा होता. ‘बोधनिक’ हा शब्द मात्र पुन्हा बाहेरच राहिला. सोबतच्या सहा टिपांपैकी एकीत वेदनेचा कार्यक्षमतेवर व मानसिक-सामाजिक स्वास्थ्यावर विपरीत परिणाम होऊ शकतो, असे म्हटले आहे. व्याख्या आटोपशीर असावी, परिणाम टिपेत यावेत, ही बाजू समजण्याजोगी आहे. तरीही व्याख्या पाठ केली जाते आणि टीप राहून जाते, हा अनुभव कोणत्याही शास्त्राच्या विद्यार्थ्याला आहे.

या वादात एक गुंता आहे, आणि दोन्ही बाजूंनी तो पुरेसा सोडवलेला नाही. ‘बोधनिक’ म्हणताना १९६८ च्या लेखाला विचारांचा वेदनेवर होणारा परिणाम अभिप्रेत होता. रुग्णाची तक्रार उलट दिशेची आहे, म्हणजे वेदनेचा विचारांवर होणारा परिणाम. एकाच शब्दाखाली दोन्ही दिशा आल्यामुळे पहिलीचे संशोधन झाले की दुसरीचीही सोय झाली, असे वाटत राहिले. (‘वेदना’ हा शब्द मुळात ‘विद्’, म्हणजे जाणणे, या धातूवरून आला आहे. आपल्या भाषेने तरी हे नाते तोडलेले नाही.)

दुसऱ्या दिशेला स्वतंत्र स्थान मिळाले ते १९९० च्या दशकात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोपे काम सर्व रुग्णांनी सारखेच पार पाडले, पण काम अवघड होताच तीव्र वेदना असणारे मागे पडले. १९९९ च्या एका महत्त्वाच्या लेखाने याची संगती लावली : चालू कामात व्यत्यय आणून लक्ष स्वतःकडे ओढणे हेच वेदनेचे काम आहे. तव्याचा चटका बसताच हातातले सोडून द्यावे, यात शहाणपण आहे. कंबर तीन वर्षे रोज तीच हाक देत राहिली, तर त्या हाकेत बातमी काही नसते, पण लक्ष प्रत्येक वेळी द्यावेच लागते.

प्रयोगशाळेत हे अगदी लहान प्रमाणावर पाहता येते. हाताला लावलेल्या पट्टीतून सोसवेल इतका चटका दिला जातो आणि समोरच्या पडद्यावर एकेक अक्षर येऊन जाते. आत्ताचे अक्षर दोन घरे आधीच्या अक्षरासारखेच असेल, तर बटण दाबायचे. ‘क’, ‘म’, ‘क’ : दाबायचे. दोन अक्षरे सतत मनात धरून ठेवायची असल्याने हाही हातच्याचाच खेळ आहे. २०१२ मधील अशाच एका प्रयोगात मज्जारज्जूच्या प्रतिमा घेतल्या, तेव्हा काम अवघड असताना वेदना कमी जाणवली आणि मज्जारज्जूतील प्रतिसादही मंदावला. अवधानाची शिदोरी एकच आहे आणि काम व वेदना दोघेही त्यातूनच खातात, असा त्याचा अर्थ लावता येतो.

मेंदूच्या रचनेबद्दलचे निष्कर्ष अधिक जपून घ्यायला हवेत. जुनाट कंबरदुखीत मेंदूच्या बाह्यावरणातील करडा भाग ५ ते ११ टक्के कमी आढळला, असे २००४ च्या एका अभ्यासाने सांगितले आणि त्याची बरीच धास्ती पसरली. उपचारांनी कंबरदुखी कमी झालेल्या रुग्णांत कपाळामागील एका भागाची जाडी पुन्हा वाढली, हे २०११ चे निरीक्षण त्या मानाने फारच कमी ठिकाणी पोहोचले. शिवाय अपुरी झोप, खिन्नता आणि वेदनेवरचीच काही औषधे यांचाही स्मृतीवर परिणाम होतो, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे वेगळे काढणे अवघड आहे.

भारतात हा प्रश्न परीक्षागृहात येऊन अडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत, त्यांत जुनाट वेदना हा स्वतंत्र प्रकार नाही. हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही, असे ठरवले. त्याला अनुसरून ऑगस्ट २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या, आणि त्यांत निकष ठरला तो ‘लिहिण्यातील अडचण’. ज्याचा हात चालतो, पण अर्धशिशीमुळे तोच प्रश्न चौथ्यांदा वाचावा लागतो, त्याच्यासाठी त्या सूचनांनुसार द्यायच्या प्रमाणपत्रात रकाना नव्हता.