पुनर्संयोजित मानवी आल्डिहाइड डीहायड्रोजनेज-२

मानवी जनुक जीवाणूत घालून प्रयोगशाळेत तयार केलेले, मूळचे मायटोकॉन्ड्रियातील विकर. संक्षेपाने एएलडीएच-२. एनएडी या सहविकराच्या साहाय्याने ते ॲसिटाल्डिहाइडचे ॲसिटेट करते. यकृतात मद्यार्काचे जे विघटन होते त्यातील ही दुसरी पायरी होय.

रचना : जनुक १२ व्या गुणसूत्रावर आहे. पूर्वरूपात ५१७ ॲमिनो अम्ले असतात. मायटोकॉन्ड्रियात शिरल्यावर सुरुवातीची १७ छाटली जातात. उरलेल्या ५०० अम्लांचे उपएकक (विकराचा एक घटक रेणू) सु. ५५ किलोडाल्टन (रेणुभाराचे एकक) वजनाचे असते. अशी दोन उपएकके मिळून जोडी व दोन जोड्या मिळून पूर्ण विकर बनते. अभिक्रिया सिस्टीन-३०२ वर, म्हणजे ३०२ व्या स्थानच्या सिस्टीन या ॲमिनो अम्लावर घडते.

४८७ क्रमांकाचा प्रश्न : पूर्व आशियातील अनेकांत ४८७ व्या स्थानी ग्लुटामेट या ॲमिनो अम्लाऐवजी लायसीन असते (हे १९८४ मध्ये आढळले). पूर्वरूपापासून मोजल्यास हेच स्थान ५०४ ठरते. जुने व नवे निबंध एकत्र वाचताना येथे हमखास घोटाळा होतो. हा बदल बहुधा चीनमध्ये, दोन-तीन हजार वर्षांपूर्वी झाला असावा. मात्र उगम दक्षिणेकडील जमातींत की मध्य चीनमधील हान समाजात, याविषयी एकमत नाही. जनुकाची एकच प्रत बदललेली असली तरी क्रियाशीलता निम्म्याहून बरीच खाली का जाते, हा अधिक महत्त्वाचा वाद. एक लायसीन-उपएकक चारही उपएकके निकामी करत असेल, तर १/१६ क्रियाशीलता उरावी. फक्त आपल्या जोडीदारालाच निकामी करत असेल, तर १/४. स्फटिकरचनेत ग्लुटामेट-४८७ हे जोडीतील दुसऱ्या उपएककाच्या आर्जिनीन-४७५ ला धरून असलेले दिसते, त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय पेशीत दोन्ही प्रकारच्या उपएककांचे मिश्र विकर लवकर नष्ट होते. जीवाणूतून मिळवलेल्या विकरावर ही बाजू तपासता येत नाही.

निर्मिती : जीवाणूत मायटोकॉन्ड्रिया नसल्याने १७ अम्लांचा भाग आधीच वगळून जनुक घालावे लागते. ई. कोलाय जीवाणूच्या बीएल२१ (डीई३) या वाणाची घनता (प्रकाशशोषणाने मोजलेली) ०.६ झाल्यावर ०.१ ते ०.५ मिलीमोलर आयपीटीजी (घातलेले जनुक चालू करणारे रसायन) घालून १८° से.ला रात्रभर वाढवतात. ३७° से.ला प्रथिन भरपूर बनते, पण बरेचसे अविद्राव्य गोळ्यांत अडकते. बडोद्याच्या उन्हाळ्यात शीतकरण नसलेला शेकर (जीवाणू हलवत वाढवण्याचे यंत्र) १८° पर्यंत उतरतच नाही. वाया जाणाऱ्या बॅचचे कारण पुष्कळदा एवढेच असते. शुद्धीकरणासाठी, प्रथिनाला हिस्टिडीन-पुच्छ (हिस्टिडीन अम्लांची जोडलेली साखळी) असल्यास, ते धरून ठेवणारा निकेल स्तंभ वापरतात. डीटीटी (ऑक्सिडीकरण रोखणारे रसायन) जास्त झाल्यास स्तंभ तपकिरी पडतो, म्हणून ते शुद्धीकरणानंतर (१ मिलीमोलर) घालावे. ते नसल्यास सिस्टीन ऑक्सिडीकृत होऊन विकर मरते. साठवण ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये, −२०° से.ला.

चाचणी : ५० मिलीमोलर सोडियम पायरोफॉस्फेट (पीएच ९.५), २.५ मिलीमोलर एनएडी आणि आल्डिहाइड एकत्र करून ३४० नॅनोमीटरला शोषणांकाची (प्रकाश शोषण्याच्या मापाची) वाढ मोजतात; ही वाढ एनएडीपासून बनणाऱ्या एनएडीएचमुळे होते. १ मिली. मिश्रणात मिनिटाला ०.०६२२ वाढ म्हणजे ०.०१ एकक (एक एकक म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल अभिक्रिया). एनएडी अल्कधर्मी द्रावणात टिकत नाही, म्हणून ते वेगळे विरघळवून ऐनवेळी मिसळतात. पायरोफॉस्फेट मॅग्नेशियमला बांधून ठेवते. मॅग्नेशियमचा परिणाम पाहायचा तर दुसरा बफर घ्यावा.

ॲसिटाल्डिहाइड सु. २०° से.ला उकळते. मे महिन्यात ४०° च्या पलीकडे जाणाऱ्या बडोद्यात ही बाटली बर्फात गार केल्याशिवाय उघडूच नये, पिपेटही थंड ठेवावे. नाहीतर मोजलेले आल्डिहाइड क्युव्हेटपर्यंत (शोषणांक मोजण्याच्या पात्रापर्यंत) पोचण्याआधीच उडून जाते. उघड्या बाटलीत ते ॲसिटिक अम्लही बनते. सु. ४९° से.ला उकळणारे प्रोपिऑनाल्डिहाइड येथे सोयीचे. गुजरातेत दारूबंदीमुळे शुद्ध इथेनॉलला परवाना लागतो, पण या चाचणीत त्याचे काम नाही.

डायसल्फिराम या निरोधकाची (विकराचे काम थांबवणाऱ्या पदार्थाची) चाचणी घेण्यापूर्वी डीटीटी काढून टाकावे. ते डायसल्फिरामशीच अभिक्रिया करते आणि निरोध झालाच नाही असे भासते.