ऑपेरा : अभ्यासदृष्टी आणि मुंबईचा संदर्भ

ऑपेरा : सर्व किंवा बहुतेक संवाद गाऊन, वाद्यवृंदाच्या साथीने सादर होणारा युरोपीय नाट्यप्रकार. मराठीत ‘संगीतिका’ हा प्रतिशब्द रूढ आहे. मात्र तो नभोवाणीवरील गीतबद्ध रूपकांसाठीही वापरला जातो, म्हणून येथे ‘ऑपेरा’ हाच शब्द ठेवला आहे. उगम सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समध्ये. संपूर्ण संगीत उपलब्ध असलेली सर्वांत जुनी कृती १६०० ची, संगीतकार पेरीची ‘एउरिदिचे’. तिकीट काढून कोणालाही प्रवेश देणारे पहिले ऑपेरागृह व्हेनिसमध्ये १६३७ साली उघडले आणि राजदरबारचा हा प्रकार धंद्यात उतरला. अभ्यासाच्या दृष्टीने हे दुसरे वर्ष पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑपेराचा अभ्यास म्हणजे मुख्यतः संगीतकारांची चरित्रे आणि स्वरलिपींची चिकित्सा. अमेरिकी संगीत-अभ्यासक जोसेफ करमन यांनी १९५६ मध्ये ऑपेराकडे नाटक म्हणून पाहण्याचा आग्रह धरला आणि त्यातला खरा नाटककार संहिता लिहिणारा नसून संगीतकार असतो, असे प्रतिपादन केले. जर्मन तत्त्वज्ञ अडोर्नो यांनी ऑपेराचा संबंध बूर्ज्वा, म्हणजे भांडवलदार मध्यमवर्गाच्या स्वप्नांशी जोडला. फ्रेंच लेखिका कातरिन क्लेमां यांनी १९७९ मध्ये गोड गळ्याच्या नायिका शेवटी मरतातच का, असा प्रश्न विचारला. इतिहासकार जॉन रोसेली यांनी इटलीतील ऑपेराचे ठेकेदार, करार आणि मानधन यांची कागदपत्रे तपासून हा व्यवसाय कसा चाले ते दाखवले. साहित्यसमीक्षक एडवर्ड सैद यांनी संगीतकार व्हेर्दीची ‘आयडा’ (कैरो, १८७१) साम्राज्याच्या संस्कृतीचा भाग म्हणून वाचली. पॉल रॉबिन्सन यांनी त्यावर आक्षेप घेतला : या कथेत आक्रमक इजिप्त आहे आणि संगीताची सहानुभूती जिंकलेल्या इथिओपियाकडे झुकते. संगीताच्या पातळीवर रॉबिन्सन यांचे म्हणणे अधिक पटणारे आहे. पण ऑपेरागृह कोणी, कोणासाठी आणि कोणत्या पैशातून बांधले, हा सैद यांच्या मांडणीतून पुढे येणारा प्रश्न त्यामुळे निकाली निघत नाही. मुंबईच्या बाबतीत तर अभ्यासाला तिथूनच सुरुवात करावी लागते.

मुंबईत नाटकगृह आधी आले. जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर ग्रँट रोडचे थिएटर १८४६ मध्ये उभे राहिले. विष्णुदास भावे यांनी १८५३ च्या मार्च महिन्यात तिथे प्रयोग केले आणि त्याच वर्षी पारशी मंडळीही तिथे उभी राहिली. पुढे सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला, युरोपचा प्रवास जवळ आला आणि फिरत्या मंडळ्यांची ये-जा वाढली. पारशी कंपन्यांनी ‘ऑपेरा’ हा शब्द उचलला तो या काळात, आणि जाहिरातीत तो गाण्यांनी भरलेल्या उर्दू नाटकासाठी वापरला. लखनौच्या अमानतकृत ‘इंदरसभे’लाही हे नाव लागू लागले. युरोपीय अर्थाने तो ऑपेरा नव्हे. पण प्रेक्षकाच्या मनात शब्दाचा अर्थ जाहिरातच ठरवते, आणि त्या अर्थानेच हा शब्द मराठी रंगभूमीपर्यंत पोचला.

मराठी संगीत नाटकाचा ऑपेराशी नेमका संबंध काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्याआधी त्यांनी एका पारशी कंपनीची ‘इंद्रसभा’ पाहिली आणि तसे मराठीत करावे असे त्यांना वाटले, ही हकीकत सर्वत्र आढळते. ती खरी धरल्यास ऑपेराचा प्रभाव उर्दू नाटकाच्या मार्गाने, दुसऱ्या हाताने आला असे म्हणावे लागेल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, साकी, दिंडी, ओवी, कामदा ही ‘शाकुंतला’तली वृत्ते आणि चाली कीर्तनातून व आख्यानांतून आलेल्या आहेत, शिवाय किर्लोस्कर धारवाडकडचे, त्यामुळे कर्नाटकी चालींचाही त्यांत वाटा आहे. तिसरे मत मुंबईशी निगडित आहे. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांचे ‘नल-दमयंती’ १८७९ च्या सुमाराचे म्हणजे ‘शाकुंतला’च्या आधीचे असल्याने अग्रमान त्यांचा, असे काही अभ्यासक मानतात. त्यांच्याही मागे जायचे तर तंजावरची सतराव्या शतकाच्या अखेरची मराठी नाटके गेय आहेतच. तथापि पुढची परंपरा ज्यातून अखंड चालू राहिली ते ‘शाकुंतल’च, म्हणून आरंभ तिथे धरणे सोयीचे, आणि त्याची घडण प्रामुख्याने कीर्तनाची, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. कीर्तनकार आख्यान लावताना गद्यातून पद्यात आणि पद्यातून गद्यात अलगद जातो. ‘शाकुंतला’तली पात्रे नेमके तेच करतात.

रचनेतला खरा फरक एका पदावरून कळतो. ‘संगीत सौभद्र’ (१८८२) मधले ‘प्रिये पहा’ घ्या. कृष्ण रुक्मिणीला सांगतो ते एवढेच, की रात्र सरली, उष:काल होतो आहे. ऑपेराच्या संगीतकाराने ही ओळ लिहिली असती तर ती किती मात्रांत संपणार आणि खाली वाद्ये काय वाजवणार, हे कागदावर कायमचे ठरून गेले असते. इथे कागदावर आहेत ते शब्द आणि चालीची खूण. पहाट किती वेळ होत राहायची ते गायक ठरवतो. तबला ठेका धरतो, ऑर्गन सूर धरून राहतो आणि एक ओळ वेगवेगळ्या अंगांनी फुलत जाते. ‘वन्स मोअर’ आला की कृष्ण तीच पहाट पुन्हा दाखवतो. इटलीतही ‘बिस्’ म्हणून पुनरावृत्तीची मागणी होत असे. वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीने त्या प्रथेला कडाडून विरोध केला, कारण त्याने नाटक तुटते. मराठी प्रेक्षकाला असे तुटलेपण जाणवत नसे. त्याच्या लेखी थांबलेले असे कथानक, नाटक नव्हे. संगीतकार हाच नाटककार, हे करमन यांचे सूत्र इथे जसेच्या तसे लावता येत नाही ते यामुळेच. ‘मानापमान’ (१९११) साठी गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या, म्हणजे ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली दिल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर पदे बांधली. तिथे नाटककार कोण, या प्रश्नाला खाडिलकर, टेंबे आणि बालगंधर्व अशी तीन उत्तरे द्यावी लागतात.

नायिका मरतातच का, हा क्लेमां यांचा प्रश्नही असाच तपासून घ्यावा लागतो. ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ यांच्या नायिका गाऊन मरत नाहीत, त्यांची लग्ने होतात. मरते ती ‘एकच प्याला’ची (१९१९) सिंधू, आणि ती भूमिका गाजवली पुरुषाने, बालगंधर्वांनी. स्त्रीचे दुःख पुरुषाच्या गळ्यातून ऐकून घरंदाज बायकांनी डोळे पुसावेत, त्याच्यासारखे लुगडे नेसावे, या घटनेचा अर्थ युरोपीय चौकटीत पुरता बसत नाही. कॅथरीन हॅन्सन यांनी पारशी रंगभूमीवरील स्त्रीपार्टींविषयी आणि मीरा कोसंबी यांनी मराठी रंगभूमीविषयी केलेले लेखन या बाबतीत मोलाचे आहे. संगीताच्या अंगाने अशोक दा. रानडे यांचे काम पायाभूत होय. लोक, भक्ती, कला आणि जन अशा संगीत-कोटी (संगीताचे प्रकार) कल्पून त्यांनी रंगसंगीताकडे स्वतंत्र दृष्टीने पाहिले.

गिरगावच्या टोकाचे रॉयल ऑपेरा हाऊस नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी काराका यांनी उभारले. उद्घाटनाचे वर्ष कुठे १९११, तर कुठे १९१२ दिले जाते. सम्राट पंचम जॉर्जच्या १९११ मधील भेटीच्या वेळी इमारत अपुरी होती असे धरल्यास दोन्ही नोंदी जुळतात. बरोक शैलीतल्या या वास्तूत ऑपेरा थोडा झाला. बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर, पृथ्वीराज कपूर हे तिथे रंगले आणि १९३५ नंतर ती मुख्यतः चित्रपटगृह झाली. १९५२ मध्ये ती गोंडलच्या महाराजांनी घेतली. १९९३ मध्ये ती बंद पडली. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडली. पडदा बंद होता त्या तेवीस वर्षांतही बसचा कंडक्टर ‘ऑपेरा हाऊस’ असेच पुकारत राहिला आणि हिऱ्यांचे दलाल तोच पत्ता सांगत राहिले. ऑपेरा न पाहिलेल्या लाखोंच्या तोंडी हा शब्द असलेले शहर म्हणून मुंबईकडे अभ्यासकांनी पाहायला हवे. ‘लॅक्मे’चेही तसेच : फ्रेंच संगीतकार देलिबच्या १८८३ च्या ऑपेरातली धोतऱ्याच्या विषाने मरणारी ब्राह्मणकन्या ‘लक्ष्मी’चे फ्रेंच रूप घेऊन जन्मली आणि १९५२ मध्ये टाटांच्या सौंदर्यप्रसाधनांवर परत आली.

मुंबई आकाशवाणीच्या संगीतिका हा वेगळा प्रवाह. मंगेश पाडगावकर आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘बिल्हण’मधले जितेंद्र अभिषेकी यांनी गायिलेले ‘शब्दावाचून कळले सारे’ आजही ऐकले जाते. बाकीच्या संगीतिकेची आठवण फारच थोड्यांना आहे. नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाल्यापासून युरोपीय ऑपेराचे प्रयोग अधूनमधून होतात.