सांघिक समस्या-निराकरण

कामाच्या ठिकाणी वारंवार डोके वर काढणारी अडचण, त्या कामाशी रोजचा संबंध असलेल्या पाच-सात माणसांनी एकत्र बसून, ठरलेल्या क्रमाने आणि पुराव्याच्या आधारे मुळापासून दूर करण्याची पद्धत. क्रम साधारणपणे असा असतो : अडचण नेमक्या शब्दांत मांडणे, तात्पुरता बंदोबस्त करणे, माहिती गोळा करणे, कारण शोधणे व ते सिद्ध करणे, उपाय निवडून अमलात आणणे, परिणाम मोजणे आणि शेवटी कामाची रीतच बदलून अडचणीचा परतीचा रस्ता बंद करणे. कारखान्यांत जन्मलेली ही पद्धत आता रुग्णालये, विमानसेवा, बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्यांतही रुळली आहे. पीडीसीए, एट डी, ए-थ्री, डीमेक ही सगळी तिचीच रूपे.

प्रत्येक अडचणीसाठी एवढा खटाटोप करायचा नसतो. अनुभवी माणसाला अडचण ऐकताच उपाय सुचतो आणि पुष्कळदा तो बरोबरही निघतो. असा उपाय दोन-तीनदा करूनही अडचण परत येते, किंवा ती एका विभागाच्या हद्दीत मावत नाही, तेव्हा संघ बसवावा. त्या वेळी पद्धतीचे खरे काम म्हणजे प्रत्येकाने मनात तयार करून आणलेला उपाय थोडा वेळ बाजूला ठेवायला लावणे. हे ऐकायला सोपे वाटते, पण पाळायला सर्वांत अवघड जाते ते हेच.

उगम

अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख मांडला. उत्पादनातला चढउतार नेहमीचा कोणता आणि दखल घेण्याजोगा कोणता, हे त्यामुळे आकड्यांवरून सांगता येऊ लागले. त्यांचा विचार पुढे नेणारे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ व अभियंते संघाच्या निमंत्रणावरून जपानला गेले. त्यांच्या व्याख्यानांतून तिथे ‘योजना, कृती, तपासणी, सुधारणा’ हे चक्र रूढ झाले. पीडीसीए ते हेच. ‘तपासणी’ या शब्दाऐवजी ‘अभ्यास’ हा शब्द डेमिंग यांना अधिक पसंत होता, कारण तपासणी म्हटले की माणसे ‘झाले की नाही’ एवढेच पाहतात. १९५४ मध्ये जोसेफ जुरान जपानला गेले. थोड्या कारणांमुळेच बहुतांश नुकसान होते, या निरीक्षणाला इटालियन अर्थतज्ज्ञ पॅरेटो यांचे नाव त्यांनीच दिले.

तोवर हे सारे अभियंते आणि व्यवस्थापक यांच्यापुरते होते. ते यंत्रावर उभ्या असलेल्या कामगारापर्यंत नेण्याचे श्रेय काओरू इशिकावा यांचे. १९६२ मध्ये जपानमध्ये गुणवत्ता मंडळे सुरू झाली : एकाच विभागातले कामगार स्वेच्छेने नियमित भेटत, आपल्याच कामातली एखादी अडचण निवडत आणि ती सोडवत. त्यांच्या हाती देण्यासाठी सात साधी साधने ठरवली गेली. तपासणी तक्ता, पॅरेटो आलेख, कारण-परिणाम आकृती, स्तंभालेख, विकीर्ण आलेख, नियंत्रण आलेख आणि माहितीचे वर्गीकरण ही ती साधने. कारखान्यातल्या गुणवत्तेच्या सुमारे ९५ टक्के अडचणी एवढ्यावर सुटतात, असे इशिकावा म्हणत. प्रगत संख्याशास्त्राची भीती बाळगणाऱ्या माणसाला किती मोठा धीर मिळतो या वाक्याने!

अमेरिकेत समांतर प्रवाह चालूच होता. चार्ल्स केप्नर आणि बेंजामिन ट्रेगो यांनी १९५८ मध्ये संस्था काढून ‘आहे-नाही’ तुलनेची रीत शिकवायला सुरुवात केली. फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये संघावर आधारलेली आठ टप्प्यांची नियमपुस्तिका काढली. तीच एट डी. मोटोरोलामध्ये १९८६ पासून सिक्स सिग्मा, म्हणजे दोषांचे प्रमाण संख्याशास्त्राच्या आधारे अत्यल्प करण्याची पद्धत, आकाराला आली. ‘व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा, नियंत्रण’ हा तिचा क्रम म्हणजे डीमेक.

अडचणीची मांडणी

सगळ्या पद्धतींत जास्तीत जास्त वेळ द्यावा तो इथे, आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी वेळ दिला जातो तोही इथेच. चांगल्या मांडणीत काय बिघडले, कुठे, केव्हापासून आणि किती हे येते. कारण, दोषी आणि उपाय यांपैकी काहीही येत नाही. ‘ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे झाकणे सैल बसतात’ ही मांडणी नव्हे, हा निकाल झाला. ‘प्रशिक्षणाची कमतरता’ हीसुद्धा अडचण नव्हे. तो अडचणीचा वेष घेतलेला उपाय आहे.

उदाहरणासाठी बाटल्या भरण्याची एक लाइन घेऊ. झाकणे आवळून बसवणारे चार कॅपिंग हेड आहेत आणि काही बाटल्यांची झाकणे सैल निघताहेत. बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत दोन मते येतात : रात्रपाळीचे लक्ष नसते, आणि झाकणांचा माल खराब येतोय. संघप्रमुख दोन्ही मते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो आणि एक साधा तपासणी तक्ता काढतो. आडव्या ओळीत हेडचे क्रमांक, उभ्या रकान्यांत पाळ्या. सैल बाटली सापडली की त्या चौकोनात एक रेघ. तीन दिवसांत रेघा बोलू लागतात : जवळजवळ सगळ्या तिसऱ्या हेडखाली, आणि तिन्ही पाळ्यांत सारख्या.

आता ‘आहे-नाही’ तुलना करायची. दोष तिसऱ्या हेडवर आहे, पहिल्या, दुसऱ्या, चौथ्यावर नाही. महिन्याच्या १२ तारखेपासून आहे, त्याआधी नाही. सगळ्या पाळ्यांत आहे, एकट्या रात्रपाळीत नाही. झाकणे चारही हेडना एकाच खोक्यातून जातात, म्हणजे माल निर्दोष. रात्रपाळीही सुटली. जे कारण ‘आहे’ची बाजू समजावते पण ‘नाही’ची समजावत नाही, ते गळते. एका रकान्याचा कागद माणसाच्या माथ्यावरचा आळ पुसून टाकतो, हे पाहिलेल्या माणसाला या पद्धतीबद्दल वेगळे सांगावे लागत नाही.

कारणाचा शोध

संभाव्य कारणे पसरून मांडायला इशिकावा यांचीच कारण-परिणाम आकृती वापरतात. माशाच्या सांगाड्यासारखी दिसते म्हणून तिला फिशबोन म्हणतात : डोक्याशी अडचण, आणि काट्यांवर माणूस, यंत्र, माल, पद्धत, मोजमाप, परिसर. आकृती भरली म्हणजे कारण सापडले असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. काट्यांवर असतात त्या शक्यता. त्यांतली प्रत्येक खरी की खोटी हे जागेवर जाऊन, हाताने मोजूनच ठरते. जपानी शब्द ‘गेम्बा’, म्हणजे प्रत्यक्ष कामाची जागा, यासाठीच इतका वापरला जातो.

खोलात जायला ‘पाच वेळा का’ ही रीत आहे. तिचे मूळ टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांच्याकडे जाते आणि तिचा प्रसार टोयोटातले ताइइची ओहनो यांनी केला. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण असे : मशीन थांबले, कारण भार वाढून फ्यूज उडाला; भार वाढला, कारण बेअरिंगला तेल पुरले नाही; तेल पुरले नाही, कारण पंप नीट ओढत नव्हता; पंप ओढत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजला होता; आणि शाफ्ट झिजला, कारण गाळणी नसल्याने धातूचा चुरा आत जात होता. फ्यूज बदलून काम भागले असते, पण थोड्याच दिवसांपुरते.

आपल्या लाइनवर हेच केले. १२ तारखेपासून काय बदलले? ११ तारखेला तिसऱ्या हेडच्या क्लचची, म्हणजे झाकण किती जोराने आवळायचे ते ठरवणाऱ्या भागाची, स्प्रिंग बदलली होती, आणि नवी मऊ निघाली. नवी स्प्रिंग मऊ का? स्टोअरमध्ये दोन जातींच्या स्प्रिंग एकाच डब्यात होत्या, लांबी-जाडी सारखी, ताठपणा वेगळा. चुकीची स्प्रिंग बसल्यावर ध्यानात का आले नाही? सुटा भाग बदलल्यानंतर झाकणाचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, मोजून पाहण्याची रीतच नव्हती. इथे ‘का’च्या वाटेला दोन फाटे फुटले : दोष का झाला आणि तो का निसटला. दोन्ही वाटा चालाव्या लागतात. ‘पाच वेळा का’ एकाच साखळीत अडकवते ही तिच्यावरची रास्त टीका आहे. पाच हा आकडाही पवित्र नाही. कधी तीन पुरतात, कधी आठ लागतात.

कारण सिद्ध करण्याची उत्तम कसोटी म्हणजे ते चालू-बंद करून दाखवणे. योग्य स्प्रिंग बसवली, सैल झाकणे थांबली. तीच मऊ स्प्रिंग बंद लाइनवर पहिल्या हेडला लावून चाचणी घेतली, तर तिथे सैल झाकणे दिसू लागली. आता वाद उरत नाही.

उपाय

दोष आटोक्यात ठेवणारा तात्पुरता बंदोबस्त आणि कायमचा उपाय यांत एट डी पद्धत काटेकोर फरक करते. तिसऱ्या हेडखालची प्रत्येक बाटली हाताने तपासणे हा बंदोबस्त झाला. ग्राहकाला त्रास होऊ नये म्हणून तो पहिल्याच दिवशी करायचा असतो, आणि उपाय लागू झाला की काढून टाकायचा असतो. तो काढायचा राहिला की वर्षानुवर्षे एक माणूस बाटल्या तपासत बसतो.

उपायांचे बळ सारखे नसते. सूचना लावणे, पुन्हा प्रशिक्षण देणे, ‘काळजी घ्या’ असे सांगणे हे दुबळे उपाय, कारण ते माणसाच्या स्मरणावर टेकलेले असतात. तपासणी यादी हा मध्यम उपाय. चूक करताच येणार नाही अशी रचना हा सर्वांत बळकट. रुग्णसुरक्षेच्या क्षेत्रात उपायांची अशी उतरंड आता मान्य आहे. आपल्या उदाहरणात मऊ स्प्रिंगची खरेदीच बंद करता आली तर तो बळकट उपाय. वेगळा डबा आणि रंगाची खूण हा मध्यम. आणि स्टोअरकीपरला समज देणे सर्वांत दुबळे. कागदावर तिन्ही ‘पूर्ण’ म्हणूनच दिसतात, म्हणून आढावा घेणाऱ्याने हे ओळखायला हवे.

संघ

संघात कामाची प्रत्यक्ष माहिती असलेली माणसे हवीत, हुद्द्याने मोठी असलेली पुरेशी नाहीत. याशिवाय निर्णय घेण्याची आणि खर्च मंजूर करण्याची मुभा असलेला एक पाठीराखा लागतो, आणि शक्यतो अडचणीत स्वतःचे काहीही गुंतलेले नाही असा एक समन्वयक.

एकत्र बसून कल्पना काढण्याची विचारमंथनाची रीत जाहिरात व्यावसायिक ॲलेक्स ऑस्बर्न यांनी लोकप्रिय केली : टीका नाही, जितक्या जास्त तितके बरे. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसले की, एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा एकेकटे बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज जास्त भरते. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी याचे मोठे कारण दाखवले : एक बोलत असताना बाकीचे थांबतात आणि थांबता थांबता सुचलेले विसरतात. म्हणून आधी दहा मिनिटे प्रत्येकाने गप्प बसून चिठ्ठ्यांवर लिहावे, मग त्या फळ्यावर लावून बोलावे. साहेबांची चिठ्ठी आणि हेल्परची चिठ्ठी फळ्यावर सारखीच दिसते, हा त्याचा आणखी एक मोठा लाभ.

भीती असेल तर यांतले काहीही चालत नाही. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या संघांचा अभ्यास केला, तेव्हा चांगले संघ जास्त चुका नोंदवतात असे आढळले. ते जास्त चुका करत नव्हते. त्यांना चूक सांगायला भीती वाटत नव्हती. स्प्रिंग बसवणाऱ्या फिटरने ‘डब्यात दोन जाती होत्या, मला फरक कळला नाही’ असे बैठकीत सांगितले तरच ती कारणमीमांसा पुढे सरकते. त्याला आधीच मेमो मिळाला असेल, तर तो काहीही बोलणार नाही.

मर्यादा

जपानमधले यश पाहून अमेरिकेत १९७० च्या दशकात विमाने बनवणाऱ्या लॉकहीड कंपनीपासून गुणवत्ता मंडळांची लाट आली आणि १९८० च्या दशकातच ओसरू लागली. मंडळांनी सुचवायचे आणि मधल्या व्यवस्थापकांनी फाइल दाबून ठेवायची, अशी रचना असेल तर कामगार फार दिवस उत्साहाने येत नाहीत. दुसरा धोका कागदाचा. ग्राहकाने एट डी अहवालाला मुदत घातली की अहवाल आधी भरला जातो आणि शोध मागे राहतो. मूळ कारणाच्या रकान्यात ‘मानवी चूक’ असे दोन शब्द दिसले की शोध तिथेच थांबला आहे असे समजावे. टोयोटाचा ए-थ्री अहवाल त्याच नावाच्या मापाच्या, म्हणजे ४२० × २९७ मिलिमीटरच्या, एकाच कागदावर बसवावा लागतो. तो पेन्सिलने लिहायचा, वरिष्ठाने प्रश्न विचारायचे, खोडायचे आणि पुन्हा लिहायचा, ही त्याची मूळ चाल.

परिणाम पडताळायला किती थांबावे, हे दोष किती वेळा येत होता यावर ठरते. रोज येणारा दोष दोन आठवडे दिसला नाही तर विश्वास ठेवता येतो. महिन्यातून एकदा येणाऱ्या दोषासाठी कित्येक महिने लागतात. त्यानंतर बदललेली रीत कामाच्या सूचनापत्रकात उतरवतात आणि तशाच यंत्रांच्या इतर लाइन तपासतात. दोन जातींच्या स्प्रिंगचा डबा दुसऱ्या स्टोअरमध्येही असू शकतो. एट डीचा आठवा टप्पा संघाच्या कामाची जाहीर दखल घेऊन संघ विसर्जित करण्याचा आहे. घाईत तो नेहमी गाळला जातो. पुढच्या बैठकीला बोलावणे आल्यावर माणसे किती मनापासून येतात, यावर त्या गाळण्याचा परिणाम दिसतो.