राजगड–तोरणा धारेवर एक मुक्काम : सामान भाड्याने नेण्याआधी वाचा

नमस्कार. दिवाळी झाली की आमच्या दुकानात रोज कुणीतरी येऊन सांगतं, "राजगड–तोरणा करतोय, एक मुक्काम आहे, तंबूचं भाडं किती?" भाडं आम्ही लगेच सांगतो, पण त्याआधी आमचा एक प्रश्न असतो : पाणी किती नेणार? बहुतेकांचं उत्तर "दोन बाटल्या" असं येतं. त्या उत्तरामुळेच हे पत्रक छापावं लागलं.

राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजातून बाहेर पडलं की डोंगराची धार पश्चिमेकडे निघते आणि तोरण्याच्या बुधला माचीला जाऊन भिडते. चाल दहा-बारा किलोमीटरची. हलक्या सॅकने सहा ते आठ तास, मुक्कामाच्या सामानासह त्याहून जास्त. वाटेत डांबरी रस्त्याची भुतोंडे खिंड लागते, पुढे धनगरांची चार घरं, मग पुन्हा धार. चालताना डाव्या हाताला खाली भाटघर धरणाचा फुगवटा चमकत राहतो. पाणी दिवसभर डोळ्यांसमोर असतं आणि धारेवर एक थेंब मिळत नाही. खात्रीचं पाणी दोनच ठिकाणी : राजगडावर पद्मावती माचीवरच्या टाक्यांत आणि तोरण्यावर मेंगाई देवीच्या मंदिराजवळच्या टाक्यांत. शनिवार-रविवारी खिंडीत कधी लिंबू सरबतवाले बसतात, पण त्यांच्या भरवशावर बेत आखू नका.

आता हिशोब करू. दुपारी पद्मावती माचीवरून निघालात, रात्र धारेवर काढलीत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेंगाईच्या टाक्यांवर पोहोचलात. हिवाळ्यातही पहिल्या दिवशीच्या उरलेल्या चालीला दीड लिटर, संध्याकाळच्या चहा-जेवणाला एक, रात्रीला अर्धा, सकाळच्या चहाला अर्धा आणि तोरण्याच्या चढाला दीड. झाले माणशी पाच लिटर, म्हणजे पाच किलो. पाठीवरचं ओझं अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नसावं. साठ किलोच्या माणसाला बारा किलो. त्यातले पाच पाण्याला गेले, उरले सात. या सातात रिकामी सॅक दीड किलो, दोघांच्या तंबूतला आपला वाटा सव्वा, स्लीपिंग बॅग सव्वा, कॅरीमॅट अर्धा, शेगडी-भांड्याचा वाटा अर्धा, खाणं एक किलो, जॅकेट आणि कपडे पाऊण, टॉर्च-औषधं पाव. सातला सात पुरे. जाड चादर, ब्लूटूथ स्पीकर किंवा "असू दे" म्हणून घेतलेली जीन्स यांना यात जागा नाही. जागा करायचीच म्हटली तर ती पाण्यातूनच काढली जाते, आणि धारेवर माणसं अडचणीत येतात ती तिथूनच.

मी स्वतः हे एकदा भोगलंय. एप्रिलचा महिना, आम्ही तिघं, तिघांत मिळून सहा लिटर. खिंडीच्या पुढे दुपारी एक वाजता शेवटची बाटली संपली. जीभ टाळूला चिकटत होती, आमच्यातल्या एकाचं डोकं गरगरू लागलं आणि त्याला घाम येणं थांबलं. उन्हाळ्यात ही धोक्याची खूण असते. धनगराच्या घरापर्यंत त्याला धरून नेलं. तिथल्या मावशींनी काही न विचारता त्याला सावलीत आडवं केलं, ओला पंचा डोक्यावर ठेवला आणि मीठ घातलेलं ताक तांब्याने थोडं थोडं पाजलं. त्यासाठी वापरलेलं पाणी त्यांनी डोक्यावर हंडा घेऊन खालच्या झऱ्यावरून आणलेलं होतं, हे मला नंतर कळलं. आजही त्या घराजवळून जाताना मी पाणी मागत नाही. तुम्हीही मागू नका. जेवण किंवा ताक घेतलंत तर त्याचे पैसे आवर्जून द्या.

म्हणून उन्हाळ्यात या मुक्कामासाठी आम्ही सामान देत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जा. पावसाळ्यात धार धुक्यात बुडते, घसारा, म्हणजे सुट्या मुरमाचा उतार, निसरडा होतो आणि ढोरवाटा खऱ्या वाटेसारख्याच दिसतात. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं आणि दुपारनंतर विजांचा पाऊस येऊ शकतो. उघड्या धारेवर वीज कडाडायला लागली तर तंबूत बसू नका, उंचवटा सोडून उताराला खाली या.

मुक्काम कुठे करायचा, हे घरूनच ठरवून निघा. राजगड आणि तोरणा ही राज्य संरक्षित स्मारकं आहेत. 2025 मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आला. गडावर रात्री राहता येतं का, याचे नियम पुरातत्त्व विभाग ठरवतो आणि वेळोवेळी बदलतो. म्हणून आमच्या बेतात गडावरचा मुक्काम आम्ही धरतच नाही. तटाच्या आत तंबू ठोकायचा नाही, खुंट्यांसाठी दगड उकरायचे नाहीत. आमचा सल्ला असा : पहिल्या दिवशी राजगड पाहून खिंड ओलांडायची आणि धनगरवस्तीजवळ, घरच्यांना विचारून, त्यांच्या गुरांच्या वाटेत येणार नाही अशा बेताने तंबू लावायचा. नाही म्हणाले तर खिंडीतून रस्त्याने खाली गावात उतरता येतं. ती तयारी मनात ठेवूनच वर जा.

वेळापत्रक साधं आहे. पहाटे साडेपाचला पुणे सोडा, सातारा रस्त्याने नसरापूर फाटा, तिथून मार्गासनी. एसटीने जाणार असाल तर स्वारगेटहून वेल्ह्याच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून चोर दरवाजाने चढायची हौस बऱ्याच जणांना असते. ती वाट सुंदर आहे, पण शेवटच्या कड्यावर रेलिंग धरून चढताना बारा किलोची सॅक मागे ओढते. मोठं सामान असेल तर पाली दरवाजाची पायऱ्यांची रुंद वाट घ्या, असं मी सांगेन. साडेदहाच्या सुमारास पद्मावती माची, मग सॅक एका सोबत्यापाशी ठेवून बालेकिल्ला, बारा-साडेबाराला जेवण आणि पाणी भरणं. दीडच्या आत संजीवनी माचीकडे निघालात तर चार वाजता खिंड येते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तंबू त्याआधी उभा राहिला पाहिजे. पाच वाजेपर्यंत खिंडीत पोहोचला नाहीत तर पुढच्या धारेला हात लावू नका, रस्त्याने खाली उतरा. घरच्यांनाही हीच खूण सांगून ठेवा : "खिंडीतून फोन करीन." धारेवर नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवा.

दुसऱ्या दिवशी बुधला माचीचा चढ. शेवटच्या टप्प्यात मुरूम सुटा आहे आणि शिडी आहे. एका वेळी एकानेच चढायचं, खालच्याने अंतर ठेवायचं. हा चढ सकाळच्या उन्हात करा. उलट दिशेने, म्हणजे तोरण्याकडून राजगडाकडे, जाणारेही आहेत, पण जड सॅक घेऊन तो घसारा उतरणं गुडघ्यांना आणि तोलाला कठीण जातं. तोरणा सुमारे 1400 मीटर उंच, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. बुधल्यापाशी बसून मागे वळून पाहिलं की राजगडापासूनची अख्खी धार दिसते. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला असं परंपरेने सांगतात. ती गोष्ट तिथे बसून आठवायला मला फार आवडतं. तिथून मेंगाईचं मंदिर, मग बिनी दरवाजाने वेल्ह्याला उतार.

आता सॅकबद्दल थोडं सविस्तर. दुकानात येताना तुमच्या भरलेल्या बाटल्या घेऊन या. सॅक रिकामी घालून बघण्याला अर्थ नाही. आम्ही आधी खांद्याचे पट्टे पूर्ण ढिले करतो. मग कमरपट्टा पोटावर न बांधता कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर बसवून घट्ट करतो. त्यानंतर खांद्याचे पट्टे ओढायचे, ते खांद्याला नुसते टेकले पाहिजेत. बरोबर बसली असेल तर खांदा आणि पट्टा यांच्यात एक बोट सहज जातं आणि बहुतेक वजन पायांवर जातं. बोट जात नसेल तर तुम्ही पाच लिटर पाणी मानेवर वाहताय, आणि संजीवनी माचीपर्यंतच मान भरून येईल. स्लीपिंग बॅग तळाला. पाणी पाठीला चिकटून, मधोमध. हलके कपडे बाहेरच्या बाजूला. टॉर्च आणि खाऊ वरच्या कप्प्यात. पाच लिटरच्या एका कॅनऐवजी एक-एक लिटरच्या पाच बाटल्या घ्या. एक फुटली तरी चार राहतात, आणि किती उरलं ते चटकन कळतं.

तंबू आम्ही दोघांना दोघांचाच देतो. तिघांचा मागितलात तर आम्ही वाद घालू. धारेवर वारा रात्री वाढतो, म्हणून दार वाऱ्याच्या उलट बाजूला आणि तंबू माथ्यावर न लावता जरा खाली, आडोशाला. आपल्या कातळावर खुंटी जात नाही, तेव्हा दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा आणि सकाळी दगड जागच्या जागी ठेवा. हात घालण्याआधी दगड काठीने हलवा, फुरसं बहुधा अशाच जागी असतं. रात्री बूट तंबूच्या आत. साप चावलाच तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, माणसाला हलू न देता 108 ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी पडते, वर वारा आणि दव. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं "कम्फर्ट" हेच खरं धरा. दुसरं तापमान म्हणजे कशीबशी रात्र निघेल, झोप लागेलच असं नाही. आणि कॅरीमॅट वजनासाठी गाळू नका : अंगाखाली बॅग दबते, तिथली ऊब संपते, जमिनीचा गारवा मॅटच अडवते.

खाण्यात पाणी कमी लागेल असं घ्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, राजगिऱ्याचे लाडू. रात्री गरम हवं तर पिठलं : भाजलेलं बेसन, तिखट-मीठ आणि सुका लसूण घरून एका पुडीत करून न्या, अर्ध्या लिटर पाण्यात दोघांचं होतं. खिचडीला पाणीही जास्त आणि गॅसही. चूल पेटवू नका. डिसेंबरानंतर गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी उडाली की वणवा डोंगराची अख्खी सोंड खाऊन टाकतो. कड्यावर आग्या मोहोळं असतात, त्यांना धूर, अत्तर आणि आरडाओरडा चालत नाही. टाक्यातलं पाणी फडक्याने गाळून उकळा किंवा क्लोरीनचे थेंब घाला, टाक्यात हातपाय धुऊ नका. शौचाला पाण्यापासून दूर जा, वीतभर खड्डा करा, बुजवा आणि कागद पिशवीत घालून परत आणा. कचऱ्याची पिशवी आम्ही सामानाबरोबर फुकट देतो. ती भरून परत आणलीत तर आम्हाला मनापासून आनंद होतो.

सामान सोमवारी संध्याकाळपर्यंत परत हवं. तंबू दवाने ओला असेल तर तसाच गुंडाळून देऊ नका, आणि दिलाच तर सांगा. आम्ही त्याच रात्री तो दुकानात दोरीवर पसरून वाळवतो.