'वाळूचे कण रगडिता…' या ओळीची पार्श्वभूमी

फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूने चौकट आखून रोज एक सुविचार लिहायचा, हे काम आमच्या वर्गात अक्षर चांगलं असणाऱ्यांकडे असायचं. परीक्षा जवळ आली की ठरलेली ओळ यायची: 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.' क्लासच्या भिंतींवर आणि सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशांत ती आजही यशाचा मंत्र म्हणून फिरते. ती तिथेच संपते असं मलाही कित्येक वर्षं वाटत होतं.

पण पुढे आणखी तीन चरण आहेत. मृगजळाने तहान भागते, रानात हिंडताना सशाचं शिंगही सापडतं, आणि शेवटी: 'परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी.' म्हणजे इथे प्रयत्नांचं कौतुक नाहीच. एक वेळ अशक्य तेही घडेल, पण मूर्खाची समजूत पटणार नाही, असा हा वैतागलेला शेरा आहे.

श्लोक १७व्या शतकातल्या वामन पंडितांचा, 'यमक्या वामन' म्हणून ओळखले जाणारे तेच. मूळ संस्कृत कवी भर्तृहरीच्या 'नीतिशतक' या श्लोकसंग्रहातलं. मूळ वृत्त पृथ्वी, वामनांनी ते शिखरिणीत आणलं. घोटाळ्याचं बीजही इथेच असावं. संस्कृतात 'लभेत' आहे, विध्यर्थी: मिळेलही एखाद्याला. मराठीत 'तेलही गळे' म्हटलं की ते सरळ विधान वाटतं. 'जरी' येतो तो थेट तिसऱ्या चरणाच्या शेवटी, तोवर कोण थांबतंय? शिवाय मुळातला मूर्ख 'प्रतिनिविष्ट' आहे, आपल्याच हट्टाला चिकटून बसलेला. ते विशेषण मराठीत गळालं, तेलासारखंच.

भर्तृहरीची शतकं तीन: नीती, शृंगार आणि वैराग्य. राजा असलेल्या भर्तृहरीने प्रेमाने राणीला दिलेलं फळ हातोहात फिरत पुन्हा त्याच्याकडेच आलं आणि तो विरक्त झाला, ही दंतकथा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. मला त्याहून वैराग्यशतकातला भयाचा श्लोक जवळचा वाटतो. भोगात रोगाचं भय, पैशात राजाचं, रूपात म्हातारपणाचं, विद्येत वाद घालणाऱ्याचं, अशी नऊ भयं मोजून तो म्हणतो, 'वैराग्यमेवाभयम्'. आयकर खात्याची नोटीस आलेल्या माणसाला 'वित्ते नृपालाद्भयम्' समजावून सांगावं लागत नाही.

या श्लोकांचा प्रवासही मोठा. अब्राहम रॉजर या डच धर्मोपदेशकाच्या १६५१ साली छापलेल्या पुस्तकात नीती आणि वैराग्य डच भाषेत उतरले; शृंगार मात्र वगळला गेला. मूळ गोव्याचे गणितज्ञ दा. ध. कोसंबी यांनी ३७७ हस्तलिखितं ताडून १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. तीन शतकं म्हणजे तीनशे श्लोक, असं आपण धरून चालतो. हस्तलिखितांत मिळून आठशेवर निघाले, आणि सगळीकडे साधारणपणे सापडतात असे दोनशेच. बाकीचे जागोजागी भर पडलेले. प्रत्येक श्लोक मुक्तक, स्वतःच्या पायावर उभा. त्यामुळे उचलायला, घुसडायला, दुसऱ्या शतकात हलवायला सोपा.

लेखनिक निदान अख्खा श्लोक तरी उचलत. आमच्या फळ्यावरची चौकट जेमतेम एका ओळीची होती.