कॉफी पोटात आणि कॅफीन टाळूवर: केसांच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी

कॉफी प्यायल्याने केस वाढतात का, असं विचारलं की दोन टोकांची उत्तरं येतात. एक जण सांगतो, रोज दोन कप कोरी कॉफी घे, केस दाट होतील, जर्मनीत प्रयोग झालेत. दुसरा सांगतो, कॉफी आधी बंद कर, ती उष्ण, तिनेच केस गळतात. दोघांची गफलत एकाच जागी होते. कॉफी पिणं आणि कॅफीन टाळूला लावणं या दोन गोष्टी ते एकच धरतात. लावण्याबद्दल झालेल्या प्रयोगांचं श्रेय कपातल्या कॉफीला मिळतं, आणि पिण्याचे जे काही परिणाम केसांपर्यंत खरोखर पोहोचू शकतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

ज्या जर्मन प्रयोगाचा हवाला दिला जातो, तो येना विद्यापीठातल्या त्वचारोग संशोधकांचा, २००७ साली प्रसिद्ध झालेला. आनुवंशिक टक्कल पडू लागलेल्या १४ पुरुषांच्या टाळूतून त्यांनी त्वचेचे इवलेसे तुकडे घेतले. त्यांतून फॉलिकल, म्हणजे केसाचं मूळ ज्या सूक्ष्म पिशवीत रुजलेलं असतं ती पिशवी, अलगद सुटी केली आणि पोषक द्रवात काही दिवस जिवंत ठेवली. द्रवात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक मिसळल्यावर केसाची वाढ मंदावली. त्याच्या जोडीला कॅफीन घातल्यावर ती मंदी भरून निघाली. नुसतं कॅफीन ०.००१ आणि ०.००५ टक्के या प्रमाणात घातलं, तेव्हाही वाढ वेगाने झाली. २०१४ मध्ये स्त्रियांच्या फॉलिकलवरही असा प्रयोग झाला आणि तिथेही कॅफीनचा परिणाम दिसला.

प्रयोग चांगला आहे, त्याचं मोल कमी करण्याचं कारण नाही. पण त्यात कॉफी कुणी प्यायली नव्हती. फॉलिकल कॅफीनमध्ये दिवसच्या दिवस बुडालेली होती. त्या प्रमाणांची तुलना आपल्या कपाशी करून पाहिली की पिण्याचा दावा का टिकत नाही ते आपोआप कळतं.

०.००१ टक्के म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम. ०.००५ टक्के म्हणजे ५० मिलिग्रॅम. आता कप घेऊ. मोठा, २४० मिलिलिटरचा, गाळलेल्या कोऱ्या कॉफीचा कप असेल तर त्यात साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. आपल्याकडे दुधात चमचाभर इन्स्टंट पावडर आणि वर जायफळ, अशी जी कॉफी घरोघरी होते, तिच्यात ५०-६० मिलिग्रॅम असेल. प्यायलेलं कॅफीन अंगातल्या सगळ्या पाण्यात पसरतं, आणि ७० किलोच्या माणसात ते पाणी ४० लिटरच्या आसपास असतं. म्हणजे मोठ्या कपानंतरही रक्तात लिटरमागे दोनेक मिलिग्रॅमच कॅफीन सापडतं. येनाच्या प्रयोगातलं किमान प्रमाण गाठायचं, तर चारेक मोठे कप एका दमात प्यावे लागतील. तेवढ्यानेही भागणार नाही, कारण निरोगी माणसाचं यकृत साधारण पाच तासांत निम्मं कॅफीन संपवून टाकतं. ती पातळी दिवसभर टिकवायची म्हणजे थोड्या थोड्या तासांनी पीतच राहावं लागेल. आणि ०.००५ टक्के? त्यासाठी दोन ग्रॅमहून जास्त कॅफीन एकाच वेळी पोटात जायला हवं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा इशारा असा, की १,२०० मिलिग्रॅम झपाट्याने घेतलं तरी झटके येण्यासारखे विषारी परिणाम दिसू शकतात. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅम ही सुरक्षित मर्यादा २०१५ मध्ये सांगितली आहे. केसांसाठी हवं ते प्रमाण पिऊन गाठण्याआधी हृदयाची धडधड, हातांची थरथर आणि रात्रीची जाग गाठेल.

प्रमाणाइतकाच फरक कामाच्या पद्धतीतही आहे. टाळूवर कॅफीन काय करतं, याचं संशोधक असं स्पष्टीकरण देतात: पेशीत फॉस्फोडायएस्टरेज नावाचं एक विकर असतं, ते सीएएमपी हा संदेशवाहक रेणू मोडत राहतं. कॅफीन त्या विकराला अडवतं, रेणू टिकतो, आणि पेशींची वाढ चालू राहायला मदत होते. प्यायलेली कॉफी आपल्याला तरतरी देते ती या वाटेने नव्हे. तिचं कॅफीन मेंदूला सुस्ती आणणाऱ्या अॅडिनोसिन या रेणूची स्वीकारकेंद्रं अडवतं, आणि त्यासाठी थोडंसं कॅफीन पुरतं. विकर अडवायला त्याच्या कित्येक पट लागतं. इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे: हेच अॅडिनोसिन जपानमध्ये केसवाढीच्या द्रावणांत घालून विकलं जातं. म्हणजे पेशीपर्यंत काय, किती आणि कुठून पोहोचतं, यावर सगळं अवलंबून. नुसतं ‘कॅफीन केसांना चांगलं’ असं वाक्य फार अपुरं आहे.

आता लावण्याकडे वळू, कारण खरा पुरावा तिकडेच आहे. कॅफीनचा रेणू लहान असतो आणि तो फॉलिकलच्या तोंडातून आत शिरतो. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी त्वचेला कॅफीन लावून पाहिलं, तेव्हा ते पाच मिनिटांत रक्तात सापडलं. फॉलिकलची तोंडं मुद्दाम बंद केल्यावर मात्र त्याला २० मिनिटं लागली. म्हणजे केसाचं छिद्र हा कॅफीनचा सोयीचा दरवाजा आहे. लावलेलं कॅफीन आधी हवं तिथे उतरतं, प्यायलेल्यासारखं सुरुवातीलाच ४० लिटर पाण्यात विरून जात नाही.

यातला एक महत्त्वाचा अभ्यास भारतात झाला आणि त्याच्या लेखकांत मुंबईतल्या शीवच्या लोकमान्य टिळक महानगरपालिका वैद्यकीय महाविद्यालयातले त्वचारोगतज्ज्ञ होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आनुवंशिक टक्कल असलेले २१० पुरुष होते. काहींनी ०.२ टक्के कॅफीनचं द्रावण लावलं, काहींनी ५ टक्के मिनॉक्सिडिल हे टकलावरचं नेहमीचं औषध, सहा महिने. वाढीच्या अवस्थेतल्या केसांच्या प्रमाणात कॅफीनच्या गटात १०.५९ टक्के आणि मिनॉक्सिडिलच्या गटात ११.६८ टक्के सुधारणा दिसली. जवळजवळ बरोबरी. वाचून हुरूप यावा असे आकडे आहेत. तरी ते वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कोण काय लावतंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्यांना औषधाविना नुसतं द्रावण दिलंय असा तिसरा गट नव्हता. कॅफीनची उत्पादनं बनवणाऱ्या कंपनीचा संशोधकही लेखकांमध्ये होता. मिनॉक्सिडिलमागे १९८८ पासूनचा, म्हणजे अमेरिकेत ते टाळूला लावायला मंजूर झालं तेव्हापासूनचा, मोठा अनुभव आहे. कॅफीनमागे अजून तेवढा नाही. माझ्या मते टाळूला लावायचं कॅफीन ही आशा ठेवण्याजोगी, पण पक्की न ठरलेली गोष्ट आहे. ज्यांना मिनॉक्सिडिल सोसत नाही, त्यांनी डॉक्टरांशी बोलून तिचा विचार करायला हरकत नसावी.

आणखी एक फरक सांगायलाच हवा: लावून तसंच ठेवायचं द्रावण आणि दोन मिनिटांत धुऊन टाकायचा शाम्पू. वरचा अभ्यास द्रावणाचा होता. बाजारात जास्त खपतो तो शाम्पू. ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने २०१८ मध्ये अल्पेसिन या जर्मन कॅफीन शाम्पूला ‘केसगळती कमी व्हायला मदत होते’ असं जाहिरातीत म्हणायला मनाई केली, कारण दिलेला पुरावा त्यांना पुरेसा वाटला नाही. बाटलीवर कॅफीन लिहिलंय एवढ्यावर पैसे टाकण्याआधी हे माहीत असावं.

घरच्या उपायांबद्दल थोडक्यात. कोऱ्या कॉफीत कॅफीन साधारण ०.०४ टक्के असतं, म्हणजे अभ्यासातल्या द्रावणाच्या पाचवा हिस्सा, तेही टाळूत मुरण्यासाठी तयार न केलेलं. ती डोक्यावर ओतून धुतल्याने अपाय नाही, पण द्रावणाचा परिणाम तिच्याकडून अपेक्षू नये. कॉफीचा चोथा मात्र टाळूवर घासू नका. त्याचे कण फॉलिकलमध्ये जात नाहीत, वर ओरखडे काढतात आणि केसांत अडकून बसतात. मेंदी लोखंडी कढईत कॉफीच्या पाण्यात भिजवायची पद्धत आपल्याकडे आहेच. त्याने रंग गडद येतो, केस तजेलदार दिसतात, आणि पांढरे झाकले गेल्याने डोकं भरल्यासारखं वाटतं. ते दिसणं सुखाचं आहे, पण ती वाढ नव्हे.

मग प्यायलेल्या कॉफीचा केसांशी काहीच संबंध नाही? आहे, आणि मला तो जास्त काळजीचा वाटतो, कारण तो आडवाटेने येतो. कॉफी ‘उष्ण’ म्हणून थेट केस गाळते, असा पुरावा नाही. पण कॉफीतली पॉलिफेनॉल्स, म्हणजे वनस्पतींत असणारी काही रसायनं, जेवणातल्या लोहाला बांधून ठेवतात. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतलं लोह मुळातच अंगाला कमी लागतं, आणि बांधलं गेलं की आणखी कमी. १९८३ च्या एका अभ्यासात जेवणाबरोबर कपभर कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. चहाने ६४ टक्क्यांनी. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने फरक पडला नाही. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने मात्र जेवणासोबतच्या इतकीच घट केली. म्हणजे दुपारचं जेवण झालं, ताटं उचलली आणि कॉफी ठेवली, ही अनेक घरांतली वेळ लोहाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट.

ज्याचं रक्त भरलेलं आहे त्याला याने काही होणार नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. अंगात लोह कमी पडलं की काही जणींचे केस गळू लागतात, भांग रुंद दिसू लागतो. अशा बाईला ‘कॉफी पी, केस येतील’ असा सल्ला देणं उलटंच ठरतं. तिने कॉफी दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, जेवणापासून लांब घ्यावी. जेवणात वरणावर किंवा पालेभाजीवर लिंबू पिळावं, क जीवनसत्त्वाने लोह जास्त लागतं. लोहाची गोळी कॉफीबरोबर घेऊच नये. आणि केस खूप गळत असतील तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घ्यावं, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा रिकामा होत आलेला असू शकतो.

थायरॉईडच्या गोळीचंही तसंच. थायरॉईड मंदावलं की केस रुक्ष होऊन गळतात, आणि त्यावरची थायरॉक्सिनची गोळी सकाळी अनशापोटी घ्यायची असते. पुष्कळ जण गोळी घेतात आणि लगेच कॉफीचा कप तोंडाला लावतात. कॉफीने ती गोळी कमी शोषली जाते. डोस वाढवत नेऊनही तपासणीत आकडे सुधारत नाहीत, केस गळतच राहतात, आणि दोष गोळीला दिला जातो. गोळी साध्या पाण्याने घेऊन निदान अर्धा तास, जमल्यास तासभर थांबलं तर ही अडचण टळते. गरोदरपणी कॅफीन अंगातून फार सावकाश जातं, म्हणून तेव्हा दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आतच राहायला सांगतात. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी गळणारे केस मात्र संप्रेरकांच्या बदलामुळे गळतात, त्याचा दोष कॉफीवर टाकू नये.

कॉफीने फरक पडल्याचं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. केसांचं चक्रच असं आहे. डोक्यावरच्या लाखभर केसांपैकी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात, ती अवस्था काही वर्षं चालते. उरलेले साधारण तीन महिने विश्रांती घेऊन गळतात, म्हणून दिवसाला ५० ते १०० केस जाणं स्वाभाविक आहे. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा जबर मानसिक धक्का बसला की बरेच केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात पुंजके यायला लागतात. घाबरून माणूस तेव्हा काहीतरी सुरू करतो. कुणी कोरी कॉफी, कुणी शाम्पू, कुणी तेल. ही गळती पुढच्या काही महिन्यांत बहुधा आपली आपणच थांबते, आणि श्रेय त्या वेळी जे हातात असेल त्याला मिळतं. म्हणून काहीही लावायला सुरुवात करण्याआधी भांगाचा आणि कपाळाच्या कडांचा फोटो एकाच जागी, एकाच उजेडात काढून ठेवावा. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांच्या आत फरक ठरवू नये.

काही लक्षणांना मात्र हे थांबणं लागू नाही. चाई पडून गोल चकती उघडी झाली असेल, टाळू लाल होऊन खाज किंवा खपल्या असतील, किंवा केस गेलेल्या जागी छिद्रं मिटून त्वचा गुळगुळीत चकचकीत दिसत असेल, तर तिथे कॅफीनचा, प्यायलेल्या वा लावलेल्या, काही उपयोग नाही. छिद्रं मिटत चाललेल्या प्रकारात गेलेली मुळं परत येत नाहीत, उरलेली तेवढी वाचवता येतात. त्यासाठी त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.